सात भाऊ, सातही सरकारी नोकरीत: डांकेलमनवर अन्याय झाला का?

जुनीबखर:
दोन रविवार एकाच माणसात अडकलोय. एबरहार्ड फॉन डांकेलमन, जन्म 1643, गाव लिंगेन, वडील तिथले न्यायाधीश. 1663 मध्ये ब्रांडेनबुर्गच्या (बर्लिनभोवतीचं जर्मन राज्य, पुढचं प्रशिया) धाकट्या राजपुत्राचा, फ्रीडरिशचा, मास्तर म्हणून लागला आणि पोरगं 1688 ला गादीवर आलं तसा मास्तर सगळ्या कारभाराचा धनी झाला. 1695 ला ओबरप्रेझिडेंट, म्हणजे पंतप्रधानच म्हणा. हालेचं विद्यापीठ 1694 चं, बर्लिनची कला अकादमी 1696 ची, दोन्ही त्याच्याच काळातली. आणि 1697 च्या डिसेंबरात त्याच शिष्याने त्याला उचलून किल्ल्यात टाकला! मला तर हा सरळसरळ कृतघ्नपणा वाटतो. तुमचं काय?

खडूसकाका:
अर्धीच गोष्ट सांगितलीत बखरराव. भावांचं कोण सांगणार? सात भाऊ होते आणि सातही सरकारी नोकरीत, डॅनिएल लुडोल्फकडे लष्कराचा सगळा पुरवठा आणि पैसा, निकोलाउस व्हिएन्नात राजदूत, टोमास एर्न्स्ट लंडनला, बाकीचे कोर्टकचेऱ्यांत. लोक त्यांना कृत्तिका म्हणायचे. पुढे तर पदक निघालं, खाली बर्लिन शहर आणि वर आकाशात सात तारे. राजाच्या डोक्यावर स्वतःच्या खानदानाचे तारे लावल्यावर राजा काय आरती करणार होता?

मृण्मयी_क:
काका, पण वशिल्याने आले म्हणून नालायक होते असं थोडंच आहे? त्या दरबाराची अडचण बघा ना. राजघराणं कॅल्विनपंथी, प्रजा बहुतेक लुथरपंथी (दोन्ही प्रोटेस्टंटच, पण पंथ वेगळे), जमीनदार सरदार आपापल्या भागाचे हक्क धरून बसलेले. मग राजाला भरवशाचा माणूस म्हणजे बाहेरचा, कॅल्विनपंथी, शिकलेला, ज्याला इथे जमीन नाही आणि राजाशिवाय कुणी वाली नाही. लिंगेन तेव्हा ऑरेंज घराण्याकडे होतं, प्रशियाकडे आलं 1702 ला. असा एक सापडला की त्याचे भाऊ पण त्याच साच्यातले, घ्या आत. घराणेशाही आहेच, पण ती राजालाच सोयीची होती.

खडूसकाका:
सोयीची होती तोवर ठीक! मास्तरकी कधी सुटलीच नाही त्याची. चाळिशीच्या राज्यकर्त्याला तोंडावर सांगायचं की खर्च कमी करा, राजमुकुटाच्या मागे लागू नका (तेव्हा तो नुसता इलेक्टर होता, राजाची पदवी नव्हती). खरं असेलही, पण रोज कोण ऐकून घेणार? त्यात फ्रीडरिशची बायको सोफी शार्लोट विरोधात, आणि फ्रान्सबरोबरचं युद्ध संपवणाऱ्या 1697 च्या रायस्वाइक तहात एवढं लढून ब्रांडेनबुर्गच्या पदरात काही पडलं नाही. बिल कुणाच्या नावावर फाडलं, सांगायला नको.

बर्लिनकर:
मधेच घुसतोय, माफ करा. तो वाईट मास्तर असता तर राजपुत्राने इतकी वर्षं धरून ठेवला असता का? राजपुत्र एकदा मरणाच्या दारात होता, वैद्य रक्त काढायला तयार होईनात, तेव्हा यानेच जबाबदारी घेऊन ते करायला लावलं आणि पोरगा वाचला असं सांगतात. काका, तुम्ही असता तर घेतली असती अशी रिस्क?

खडूसकाका:
मी वैद्यालाच पुढे केला असता 😀

जुनीबखर:
मुद्दा खटल्याचा आहे हो. आधी राजीनामा मानाने मंजूर केला आणि मग थोड्याच दिवसांत अटक. श्पांडाउ, मग पाइट्झचा किल्ला. आरोप किती? जवळपास 290! आणि सिद्ध किती? एकही नाही. तरी घरदार जप्त आणि माणूस 1707 पर्यंत आतच. एवढे आरोप लावायला लागतात तेव्हाच समजायचं की हातात एकही धड नाही.

मृण्मयी_क:
आणि हे बघा, इथेच काकांचा कृत्तिकांचा मुद्दा पडतो. एबरहार्डवर एवढा कहर आणि बाकी भाऊ नोकरीतच राहिले! डॅनिएल लुडोल्फ लष्कराचा पैसा बघतच होता. राग घराण्यावर असता तर सगळे घरी बसले असते.

खडूसकाका:
पडत नाही, उलट पक्का होतो. राज्य त्यांच्याशिवाय चालत नव्हतं इतकी पाळंमुळं गेली होती. सहा जणांना काढलं तर दुसऱ्या दिवशी सैन्याचे पगार कोण वाटणार?

बर्लिनकर:
त्याच्यानंतर कोण आले ते पण लिहा की. कोल्बे फॉन वार्टेनबेर्ग, मग विट्गेनश्टाइन आणि वार्टेन्सलेबेन. तिघांच्या नावात पहिलं अक्षर व, आणि जर्मनमधे त्या अक्षराचा उच्चार दुःखासाठीच्या शब्दासारखाच, म्हणून लोक म्हणायचे ‘तीन मोठी दुःखं’. राजमुकुट मिळाला 18 जानेवारी 1701 ला, थाटात, आणि तिजोरी खडखडीत. वार्टेनबेर्गला घालवलं तेव्हा काय शिक्षा, तर फ्रांकफुर्टला जाऊन राहा आणि 24,000 टालर पेन्शन घ्या. ज्याने खर्चाला नको म्हटलं तो किल्ल्यात, ज्याने उडवू दिला त्याला पेन्शन.

खडूसकाका:
हे मान्य. पण वार्टेनबेर्ग वाईट म्हणून डांकेलमन संत होत नाही.

जुनीबखर:
संत कुणी म्हटलं? 1713 ला फ्रीडरिशचा मुलगा फ्रीडरिश विल्हेल्म गादीवर आला, एक नंबरचा चिक्कू, आल्या आल्या बापाचा थाटमाट बंद केला आणि सत्तरीच्या डांकेलमनला दरबारात मानाने बोलावून घेतलं. जप्त केलेली मालमत्ता मात्र परत दिली नाही. म्हातारा 1722 ला गेला.

खडूसकाका:
बघा, चिक्कूला पण माहीत होतं, मान द्यायला पैसे पडत नाहीत.