मदत हवी आहे : इव्हो ९ चा बूस्ट वाढवल्यापासून लॉगमध्ये नॉक दिसतोय

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अंदाजानेच येतील, म्हणून सगळं लिहितो.

गाडी मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ९, पाच गिअरची. इंजिन ४जी६३, १९९७ सीसी, लोखंडी ब्लॉक, बोअर ८५ आणि स्ट्रोक ८८ मिलिमीटर, कॉम्प्रेशन ८.८. इव्होमध्ये हे इंजिन शेवटचं आलं ते याच पिढीत. दहाव्या इव्होला ॲल्युमिनियम ब्लॉकचं ४बी११ मिळालं. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'फुटलं तर दुसरं टाकू' असा विचार मला करताच येत नाही. ही गाडी मला हवी होती ती या इंजिनासाठीच.

दोन वर्षं ती होती तशीच चालवली. मग एकेक काम केलं. तीन इंची डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप) आणि शेवटपर्यंत तीन इंची एक्झॉस्ट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला नाही, जास्त मोकळा बसवला आहे), मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) आणि त्याचे पाइप, ताशी २५५ लिटरचा फ्युएल पंप, बूस्टसाठी (टर्बोच्या हवेच्या दाबासाठी) तीन तोंडांचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, आणि जुने इंजिन माउंट गेले होते म्हणून जरा कडक रबराचे नवे. टर्बो, इंजेक्टर, एअर फिल्टरचा डबा मूळचाच. नंतर डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मॅप, म्हणजे ईसीयूतले पेट्रोल-टायमिंगचे तक्ते, करून घेतला. आता बूस्ट ३५०० आरपीएमला २२ पीएसआयपर्यंत चढतो आणि ७००० ला १८ पर्यंत उतरतो.

पहिला महिना झकास गेला. नंतर दुपारच्या उन्हात गाडी जड वाटायला लागली. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) केबल लावून लॉग घेतले. तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल, ४००० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात नॉकसम (ईसीयूने मोजलेला नॉक) ६ ते ८ दिसतोय. ऑक्टेन नंबर (पेट्रोलचा नव्हे, ईसीयूचा आतला आकडा) १०० वरून ८३ वर आला आहे. कानाला काहीच ऐकू येत नाही. वाइडबँडवर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरवर) फुल थ्रॉटलला एअर-फ्युएल रेशो १०.३ आहे, डायनोवर मॅप केला तेव्हा ११.३ होता.

ज्यांनी मॅप केला त्यांचं म्हणणं, 'एवढा नॉक चालतो, चालवत राहा.' मला ते पटत नाही. माझे प्रश्न असे :

हा नॉक खरा आहे की सेन्सरला दुसराच आवाज ऐकू येतोय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? तपासणी कुठून सुरू करू? आणि मोठा टर्बो आणून ठेवला आहे, तो बसवायचं पुढे ढकलू का?

---

प्रतिसाद १

सगळ्यात आधी फुल थ्रॉटल बंद करा. उत्तर मिळेपर्यंत सोलेनॉइडची नळी बाजूला ठेवून फक्त वेस्टगेटच्या (टर्बोचा बूस्ट मर्यादित ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर जेवढा बूस्ट येतो तेवढ्यावर चालवा. तेवढ्यात गाडी कंटाळवाणी होईल, पण पिस्टन शाबूत राहील.

नॉकसमबद्दल थोडं, कारण वाचणाऱ्या नव्या लोकांना उपयोग होईल. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकला लावलेला एक मायक्रोफोनच. पिस्टनच्या वरचं मिश्रण ज्वाला पोचायच्या आत आपोआप पेटलं की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. तो सूर बोअरवर ठरतो. ८५ मिलिमीटरला तो साधारण साडेसहा-सात हजार हर्ट्झच्या आसपास येतो. त्या पट्टीतला कुठलाही खडखडाट सेन्सरला नॉकच वाटतो. ईसीयू नॉकसमच्या प्रमाणात त्या क्षणी टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेतो आणि असं वारंवार झालं तर ऑक्टेन नंबर उतरवत जातो. आत टायमिंगचे दोन नकाशे असतात, एक चांगल्या पेट्रोलचा, एक हलक्याचा. नंबर १०० म्हणजे पूर्ण पहिला नकाशा, जसा उतरेल तसा दुसऱ्याकडे झुकाव. तुम्हाला गाडी जड वाटते ती बहुतेक यामुळेच.

तुमचा ८३ पाहून मला काळजी वाटते. एखाद-दुसरा ठिपका असता तर तो एवढा उतरला नसता.

---

प्रतिसाद २

माझा पहिला संशय माउंटवर. कडक माउंट बसवले की इंजिनाची थरथर थेट बॉडीत जाते आणि परत ब्लॉकमध्ये येते. त्यातच तीन इंची डाउनपाइप. तो सबफ्रेमला कुठे टेकतोय का बघा. टेकत असेल तर चमकदार घासलेली खूण दिसेल. टर्बोवरचं हीट शील्डही हाताने हलवून पाहा, पण गाडी पूर्ण थंड असताना.

खरा की खोटा हे ओळखायची पद्धत सोपी आहे. नॉक भाराबरोबर येतो, खडखडाट आरपीएमबरोबर. कमी बूस्टवर त्याच आरपीएमला तेवढाच नॉकसम आला तर बहुधा आवाज. भार कमी केल्यावर गेला तर खरा असण्याची शक्यता जास्त. मग त्या पट्ट्यात टायमिंग तीन अंशांनी मागे घेऊन पुन्हा लॉग घ्या. खरा नॉक टायमिंगला दाद देतो, शील्डचा पत्रा देत नाही. फक्त ही चाचणी कमी बूस्टपासून वर चढत करा, सरळ २२ वर नको.

---

प्रतिसाद ३

माउंट तपासाच, पण वर लिहिलेला एक आकडा सगळ्यांच्या नजरेतून सुटला : ११.३ चा १०.३ झाला. मॅप बदलला नाही, इंजेक्टर बदलले नाहीत, मग पेट्रोल जास्त का पडतंय?

इव्होमध्ये हवा मोजणारा सेन्सर कार्मन व्होर्टेक्स पद्धतीचा आहे, हवेतले भोवरे मोजणारा. तो बसतो एअर फिल्टरच्या डब्याजवळ, म्हणजे टर्बोच्या आधी. त्याने जेवढी हवा मोजली तेवढ्याचं पेट्रोल ईसीयू टाकतो. आता टर्बोच्या पुढे कुठे गळती असेल तर मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचतच नाही. पेट्रोल मात्र पूर्ण पडतं. म्हणून मिश्रण गडद होतं. याच कारणासाठी या गाड्यांना बाहेर फुसकारे सोडणारा व्हॉल्व्ह लावू नये, हवा परत इनटेकमध्येच गेली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, पेट्रोल जास्त म्हणजे नॉक कमी व्हायला हवा. एका मर्यादेपर्यंत खरं आहे. पण गळती असताना तोच २२ पीएसआय गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. कॉम्प्रेसर त्याच्या कार्यक्षम पट्ट्याबाहेर गेला की हवा तापते. आणि इव्होच्या ईसीयूला ही तापलेली हवा दिसतच नाही, कारण हवेचं तापमान तो त्याच एअरफ्लो सेन्सरमध्ये मोजतो, टर्बोच्या अलीकडे. इंटरकूलरनंतर काय चाललंय याची त्याला खबर नसते. शिवाय अति गडद मिश्रणात ठिणगी चुकली तर त्या धक्क्याचीही नोंद नॉक म्हणून होऊ शकते.

तुम्ही पाइप आणि इंटरकूलर नवे बसवलेत. गळतीची पहिली जागा तीच. दुसरी जागा मूळचा प्लॅस्टिकचा बायपास व्हॉल्व्ह, तो जास्त बूस्टला धरत नाही.

दाबाची चाचणी करा. टर्बोच्या तोंडाला टोपी, तिला हवेचा निपल, आणि हळूहळू २० पीएसआयपर्यंत. सांध्यांवर साबणाचं पाणी. एक गोष्ट नीट वाचा : ऑइलचं झाकण सैल ठेवा आणि ब्रीदरचा (क्रँककेसमधली हवा बाहेर नेणारा) पाइप मोकळा करा. रिंगांवरून थोडी हवा क्रँककेसमध्ये जाणारच. तिला वाट नसेल तर ती ऑइल सील ढकलते. झाकणातून किंवा एक्झॉस्टमधून हलकी सुरसुर आली तर घाबरू नका, कुठलातरी व्हॉल्व्ह उघडा असेल. क्रँक थोडा फिरवा आणि परत ऐका.

---

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. रेशोचा आकडा मीच लिहिला होता, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. गाडी स्प्रिंगवर ठेवली आहे. रविवारी चाचणी करतो. तोवर आणखी काही लॉग करायचं असेल तर सांगा.

---

प्रतिसाद ४

फ्युएल प्रेशर बघा. तुमचा सध्याचा त्रास पेट्रोल जास्त असण्याचा आहे, तरी गळती बंद केली की चित्र उलटं होऊ शकतं, म्हणून आत्ताच सांगतो. रेग्युलेटर नीट असेल तर बूस्ट जेवढा वाढेल तेवढंच प्रेशर वाढलं पाहिजे. रेग्युलेटरची बूस्टची नळी काढून ४३.५ पीएसआय असेल तर २२ बूस्टला ६५ च्या वर दिसायला हवं. मोठा पंप टाकला पण वायरिंग जुनंच ठेवलं तर व्होल्टेज पडतं आणि पंप नेमका गरजेच्या वेळी थकतो. पंपाच्या टर्मिनलवर, इंजिन चालू असताना व्होल्ट मोजा. बॅटरीवर मोजून उपयोग नाही.

आणि प्लग काढून बघा. पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर नॉक खरा आहे, वाद संपला. गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

---

धागाकर्ता

रविवारचा अपडेट.

प्लग : तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर तीन-चार काळे ठिपके. चमकते कण नाहीत, भिंगातून पाहिलं. चारही प्लग काजळलेले. हे पाहून पोटात गोळा आला, कारण ठिपके म्हणजे नॉक खराच होता.

दाबाची चाचणी : १४ पीएसआयपर्यंत काहीच नाही. १५ ला इंटरकूलरच्या थंड बाजूच्या कपलरमधून (पाइप जोडणाऱ्या रबरी नळीतून) एकदम फस्स. क्लॅम्प पाइपच्या कडेच्या उंचवट्यावर बसला होता, त्यामागे नाही. थंड असताना आणि कमी दाबाला धरायचा, गरम झाल्यावर सुटायचा. म्हणूनच डायनोवर रेशो बरोबर होता आणि नंतर बिघडला असावा. बायपास व्हॉल्व्ह २० ला अगदी बारीक गळतोय, तो बदलणार.

डाउनपाइप सबफ्रेमला टेकत नाहीये. हीट शील्डचा एक बोल्ट सैल होता, आवळला.

पंपाच्या टर्मिनलवर १३.४ व्होल्ट. प्रेशरचं गेज अजून मिळालेलं नाही.

क्लॅम्प नीट बसवून, पूर्वीच्याच मॅपवर, बूस्ट १८ पर्यंत ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये लॉग घेतला. रेशो ११.२. नॉकसम बहुतेक ठिकाणी ० ते १, पण ४२०० च्या आसपास अजून ४. त्याच जागी टायमिंग दोन अंश मागे घेतलं तर १. म्हणजे गळती हे एक कारण होतं, पण तेवढंच नव्हतं. बरोबर समजतोय ना?

---

प्रतिसाद ३

अगदी बरोबर. गळतीमागे दुसरी गोष्ट लपली होती. ४२०० ला टर्बो पूर्ण जोरात आणि इंजिनाचा टॉर्क शिखरावर, सिलिंडरमधला दाब तिथेच सगळ्यात जास्त. मॅप करणाऱ्याने त्या चौकटीत टायमिंग थोडं धीट ठेवलं आहे.

इथे माझं मत थोडं वेगळं पडेल. तिथलं टायमिंग सतत मागे घेत बसण्यापेक्षा ३५०० ते ४५०० मध्ये बूस्टच २२ ऐवजी २० ठेवा. टायमिंग खूप मागे गेलं की एक्झॉस्ट तापतो, टर्बोही तापतो, आणि ताकद तशीही मिळत नाही. कनेक्टिंग रॉडवर ताण येतो तो टॉर्कचा. वरच्या आरपीएमला तेवढीच ताकद कमी टॉर्कमध्ये मिळते. ५५०० नंतर मूळ टर्बो जितकं टिकवतो तितकं टिकवू द्या. रस्त्यावर फरक कळणारही नाही, इंजिनाला मात्र कळेल.

---

प्रतिसाद १

वरच्याशी सहमत. मॅप करणाऱ्यांकडे परत जा, पण लॉग छापून घेऊन जा. 'नॉक येतोय' असं सांगू नका. आरपीएम, लोड, टायमिंग, नॉकसम, रेशो या पाच स्तंभांचा कागद समोर ठेवा. तरीही 'चालतं' म्हणाले तर दुसरीकडे जा.

मोठा टर्बो : थांबा. त्याच्यासोबत मोठे इंजेक्टर, क्लच आणि पूर्ण नवा मॅप लागेल. त्या गर्दीत काही बिघडलं तर कुठल्या बदलामुळे, हे शोधता येणार नाही. आत्ताच्या गाडीला हजार किलोमीटर नॉकशिवाय, ऑक्टेन नंबर परत १०० वर, एवढं होऊ द्या.

---

प्रतिसाद ५

एक राहिलं. ब्रीदरमधून इनटेकमध्ये तेल जातंय का? इंटरकूलरचा खालचा पाइप काढून बोट फिरवा. तेलाची वाफ मिश्रणात गेली की नॉक लवकर येतो. बोट ओलं झालं तर कॅच कॅन (ते तेल अडवणारा डबा) बसवा. आणि वेग वाढवण्याआधी ब्रेक फ्लुइड बदललं का?

---

धागाकर्ता

पाइपमध्ये बोट फिरवलं, पातळ थर होता. कॅच कॅन मागवला. ब्रेक फ्लुइड गेल्याच महिन्यात बदललं आहे.

मॅप करणाऱ्यांना पाच स्तंभांचा कागद दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, ४२०० ची चौकट बघितली आणि स्वतःच म्हणाले की इथे बूस्ट उतरवू. पुढच्या आठवड्यात वेळ दिली आहे. मधल्या पट्ट्यात २०, वर मूळ टर्बो देईल तेवढं, टायमिंग जिथे दोन अंश कमी केलं होतं ते पुन्हा तपासून.

मोठा टर्बो खोक्यात बंद करून कपाटात ठेवला. नव्या मॅपनंतर तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गिअरचे लॉग, सकाळच्या थंडीतले आणि दुपारच्या उन्हातले, इथेच टाकेन. प्रेशरचं गेज मिळालं की ते आकडेही.