भाषणाचा अभ्यास करताना श्रोत्यांचे काय करावे?

प्रश्न (डिचोली, एम. ए. मराठी)

नमस्कार. माझ्या प्रबंधिकेचा विषय गोव्यातील प्रचारसभांमधील वक्तृत्व हा आहे. गेल्या निवडणुकीत डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातील एका गावात, देवळासमोर झालेली कोपरा सभा मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली आणि बावीस मिनिटांचे ते भाषण शब्दन्‌शब्द उतरवून घेतले. सभेत बसले होते तेव्हा अंगावर काटा आला होता. कागदावर मात्र तेच भाषण निर्जीव वाटते. मार्गदर्शकांच्या सूचनेप्रमाणे मी अॅरिस्टॉटलच्या पद्धतीने वक्त्याची पत, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद असे तीन रकाने करून वाक्ये वाटून टाकली. तरीही दोन जागा हाती लागत नाहीत. ‘रस्ता आला, नळ आला, वीज आली’ या वाक्याला टाळ्या इतक्या आधी सुरू झाल्या की शेवटचे ‘आली’ ऐकूच येत नाही. पुढे खाणींचा विषय निघाला तेव्हा जवळपास पाच सेकंद कोणीच काही बोलत नाही, फक्त ध्वनिक्षेपकाची घरघर ऐकू येते. ही टाळी आणि ही शांतता कोणत्या रकान्यात घालायची?

उत्तर १ (मडगाव)

तुमचे रकाने चुकीचे नाहीत, परंतु ते वक्त्याच्या बाजूने आखलेले आहेत, आणि तुम्हाला पडलेला प्रश्न श्रोत्यांच्या बाजूचा आहे. त्याचा अभ्यास स्वतंत्रपणे झालेला आहे. मॅक्स अॅटकिन्सन या ब्रिटिश अभ्यासकाने १९८० च्या दशकात राजकीय भाषणांच्या ध्वनिफिती ऐकून टाळ्यांच्या वेळा मोजल्या, आणि टाळ्या साधारण आठ सेकंद चालतात व त्या वाक्य संपता संपता, कधी संपण्याच्याही किंचित आधी सुरू होतात, असे दाखवले. याचे कारण रचनेत आहे. शेकडो माणसांनी एकाच क्षणी टाळी वाजवायची, तर तो क्षण येतो आहे हे सर्वांना आधी कळावे लागते. तीन पदांची मांडणी ही सूचना देते: दोन पदे कानावर पडली की तिसरे कुठे संपणार हे श्रोत्याला उमगते. तुमच्या वक्त्याचे ‘आली’ टाळ्यांत बुडाले, ते याचमुळे. विरोधाची जोडी, म्हणजे पाठोपाठ ठेवलेली दोन परस्परविरुद्ध विधाने, हेच काम करते. पुढे १९८६ मध्ये जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी ब्रिटिश पक्ष-अधिवेशनांतील ४७६ भाषणे तपासली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश टाळ्या अशा मोजक्याच रचनांशी जुळलेल्या आढळल्या.

यावर पीटर बुल यांनी घेतलेला आक्षेपही वाचा. श्रोते आशयालाही टाळ्या देतात, आणि अनेकदा वक्त्याने न मागताही देतात. रचना म्हणजे सर्वकाही नव्हे. मला तो आक्षेप योग्य वाटतो.

आता शांततेबद्दल. तुमच्या उताऱ्यात ती कुठेच नाही, कारण तुम्ही फक्त शब्द उतरवले. गेल जेफरसन यांनी संभाषणाच्या अभ्यासासाठी तयार केलेल्या लेखनपद्धतीत विरामाची लांबी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवतात, आणि एकाच वेळी निघालेले आवाज चौकटी कंसांनी दाखवतात. बावीसच्या बावीस मिनिटे तशी लिहू नका, त्यात दिवस जातील. फक्त या दोन जागा तशा लिहा. खाणपट्ट्यात २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी यांवर चालणारी घरे ज्या सभेत बसली आहेत, तिथे पाच सेकंदांची शांतता ही रिकामी जागा नसते.

उत्तर २ (पणजी)

मी अनेक वर्षे एका मराठी दैनिकासाठी सभांचे वृत्तांकन केले आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना करतो. प्रबंधिकेत तुलनेसाठी जुन्या सभांची वृत्ते वापरणार असाल, तर वृत्तपत्रातील टाळ्यांवर विसंबू नका. ‘टाळ्यांच्या कडकडाटात’ हे शब्द आम्ही सवयीने लिहीत असू. पहिले पान अकराला सुटायचे, आणि कधी कधी टाळ्या पडण्याआधीच मजकूर दूरध्वनीवरून सांगून झालेला असे. याहून गंभीर बाब भाषेची आहे. वक्ता कोकणीत बोलला तरी बातमी आम्ही शुद्ध मराठीत छापत होतो, अवतरणचिन्हांसह. त्या अवतरणांवर आज कोणी विश्लेषण उभारले, तर ते वक्त्याचे नव्हे, उपसंपादकाचे वक्तृत्व ठरेल. याची मला आजही खंत वाटते.

तरीही जुन्या अंकांना एक मोल आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलाच्या प्रचाराचा काळ पाटो येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून जरूर वाचा. विलीनीकरणाला फूल आणि वेगळेपणाला दोन पाने अशी चिन्हे होती. १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली, तर १,७२,१९१ विरोधात. मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ने विलीनीकरणविरोधाची बाजू मराठीतच मांडली, कारण ज्या वाचकाचे मन वळवायचे होते तो मराठी वाचत होता. कोणाला कोणत्या भाषेत सांगायचे, हा निर्णयसुद्धा वक्तृत्वाचाच भाग आहे, आणि तो तुमच्या तिन्ही रकान्यांच्या बाहेर आहे.

उत्तर ३ (फोंडा)

ग्रीक चौकट घेताना आपली विसरू नये, एवढेच म्हणतो. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी वाद, केवळ जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची खोडून काढणारी वितंडा. प्रचारसभेच्या अभ्यासाला हा भेद फार उपयोगी पडतो. शिवाय खेड्यातला वक्ता कीर्तन ऐकत वाढलेला असतो. पूर्वरंगात तत्त्व मांडायचे, उत्तररंगात आख्यान लावायचे, आणि मध्ये श्रोत्यांकडून नामघोष घ्यायचा, ही चाल त्याच्या अंगात मुरलेली असते. तुमच्या वक्त्याने आख्यान कुठे लावले ते शोधा.

प्रश्नकर्तीकडून

तिघांचीही मनापासून आभारी आहे. काल रात्री कानाला हेडफोन लावून ती पाच सेकंदे मी पुन्हा पुन्हा ऐकली. मोजली तर ती ४.६ सेकंद भरतात, आणि ती पूर्ण शांत नाहीत. साधारण तिसऱ्या सेकंदाला मागच्या बाजूने एक पुरुषाचा आवाज येतो: ‘आनी ट्रकांचें कितें?’ (आणि ट्रकांचे काय?) मी तिथेच बसले होते, तरी सभेत तो मला ऐकू आला नव्हता. वक्त्याने मात्र तो ऐकला असावा, कारण तोपर्यंत मराठीत चाललेले भाषण त्यानंतर लगेच कोकणीत जाते. ‘तुमी म्हाका वळखतात’ (तुम्ही मला ओळखता) असे म्हणून तो आपल्या वडिलांच्या ट्रकची गोष्ट सांगू लागतो. आख्यान इथेच लागले, असे फोंड्याच्या उत्तरामुळे ध्यानात आले. माझ्या पहिल्या उताऱ्यात ही गोष्ट ‘भावना’ या रकान्यात होती. प्रत्यक्षात ती एका प्रश्नाला दिलेले उत्तर आहे.

आता एक अडचण उरते. वक्ता जाहीर सभेत बोलला, पण त्या गृहस्थांनी आपले बोलणे कोणी ध्वनिमुद्रित करील अशी कल्पना केली नसेल. गावाचे नाव न देता, ‘श्रोता, मागून’ एवढ्याच नोंदीने त्यांचे वाक्य छापावे, की गावात जाऊन आधी त्यांची परवानगी घ्यावी?

उत्तर १ (मडगाव)

परवानगी घ्या. आणि गेलातच, तर त्यांना मिळालेले उत्तर पटले का, हेही विचारून या.