मदत हवी आहे: शिकागोतल्या जर्मन चर्चची जुनी पुस्तिका वाचायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही राहतो तिथून दहा मिनिटांवर ओल्ड टाउनमधलं सेंट मायकल चर्च आहे. १८५२ मध्ये जर्मनीहून आलेल्या कॅथलिकांसाठी हे सुरू झालं. जमीन दिली मायकल डिव्हर्सी या बिअर कारखानदाराने, म्हणून चर्चला त्याच्याच नावाच्या संताचं नाव! (आपल्याकडचे देणगीदार निदान फरशीवर थांबतात.) १८७१ च्या आगीत आतलं सगळं जळालं, विटांच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्याच भिंतींत लोकांनी चर्च पुन्हा बांधलं.

परवा जुन्या वस्तूंच्या सेलमध्ये एका डॉलरला या चर्चची पुस्तिका मिळाली. अख्खी जर्मनमध्ये, तीही जुन्या टोकदार फ्राक्टूर छपाईत. त्यातला 's' डिट्टो 'f' सारखा दिसतो, त्यामुळे मी टाइप केलं की भाषांतराचं ॲप भलतंच काहीतरी देतं. शेवटच्या पानावर शाईने चार ओळी आहेत, त्या तर अजिबात लागत नाहीत.

पुण्यात मॅक्समुलर भवनला जर्मन शिकलेलं कुणी आहे का इथे? जुनी हस्तलिपी वाचता येत असेल तर सोन्याहून पिवळं. फोटो पाठवते. आणि त्या काळच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या कुठे बघायला मिळतात, कुणी शोधल्यात का?