फाइन डाइनिंगची जागा निवडताना आधी तारे बघावेत की मेन्यू वाचावा?

रुचिपालट

मोठ्या शहरात खास प्रसंगाला बाहेर जेवायचं ठरलं की बहुतेक जण 'सर्वोत्तम दहा' अशी एखादी यादी उघडतात आणि वरच्या तिघांपैकी जिथे टेबल मिळेल तिथे जातात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी त्या ठिकाणाचा मेन्यू सावकाश वाचावा. तारे, याद्या, रेटिंग हे सगळं त्यानंतर.

मिशेलिनची मार्गदर्शिका १९०० साली एका टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी काढली. चांगल्या रेस्टॉरंटला तारा द्यायची पद्धत आली १९२६ मध्ये, एक-दोन-तीन ही उतरंड १९३१ मध्ये. १९३६ मध्ये त्यांचे अर्थ ठरले: दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगं, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करावा असं. हे मोजमाप प्रवाशासाठी घडलं आहे. आईवडिलांना घेऊन एका संध्याकाळी निघालेल्या, त्याच शहरात राहणाऱ्या माणसासाठी नाही. शिवाय तारा फक्त ताटातल्या पदार्थांना मिळतो. बसायची सोय, सजावट, सर्व्हिस त्यात धरत नाहीत, आणि हे मिशेलिन स्वतःच सांगतं.

'जगातली ५० सर्वोत्तम रेस्टॉरंटं' ही दुसरी प्रसिद्ध यादी २००२ मध्ये एका ब्रिटिश मासिकाने सुरू केली. तिला हजाराहून थोडे जास्त मतदार आहेत. मत देण्यासाठी गेल्या १८ महिन्यांत तिथे जेवलेलं असावं लागतं, पण 'सर्वोत्तम' कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सध्या जगात कोणाची चर्चा आहे ते या यादीतून नेमकं कळतं. तुमच्या संध्याकाळचं काय, ते कळत नाही.

मेन्यू मात्र त्या स्वयंपाकघराने स्वतःच्या हाताने दिलेली माहिती असते. पदार्थ मोजके आहेत का? महागडे जिन्नस नुसते नावापुरते प्रत्येक पदार्थावर पेरलेत का? सहा महिन्यांपूर्वीचा मेन्यू कुणाच्या तरी फोटोत सापडतोच. तो आणि आजचा शेजारी ठेवून बघा. ऋतू बदलला तरी एक ओळ हललेली नसेल तर तिथे नवा विचार थांबलाय. मी सर्वात आधी दोन जागा बघतो. पहिली शाकाहारी पदार्थांची. ते मुळापासून रचलेत की दुसऱ्या पदार्थातला मुख्य जिन्नस काढून उरलेलं ताटात ठेवलंय, हे शब्दांतून दिसतं. दुसरी गोडाची. बाकी मेन्यू अगदी वेगळा आणि शेवटी कुठेही मिळतात तेच तीन गोड पदार्थ असतील, तर त्या विभागाला स्वतंत्र माणूस नाही असं मी समजतो.

तुमची रीत काय? विरोधी मतं जरूर मांडा.

नि. शं.

पूर्ण असहमत. मेन्यू म्हणजे शब्द. भाड्याने लेखक आणून तो सुंदर लिहून घेता येतो, आणि घेतलाही जातो. शब्द वाचून स्वयंपाकघर ओळखता येतं ही खवय्याची समजूत आहे.

मिशेलिनचे निकष पाच आहेत: जिन्नसांचा दर्जा, चवींचा मेळ, तंत्रावरची हुकमत, शेफचं पदार्थांतून दिसणारं व्यक्तिमत्त्व आणि सातत्य. यातलं सातत्य सर्वात महत्त्वाचं, आणि ते मेन्यूत कधीच दिसत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या वेळी, नाव न सांगता जावं लागतं आणि स्वतःचं बिल स्वतः भरावं लागतं. मिशेलिनचे निरीक्षक हेच काम पगारावर करतात. वर्षातून एकदा अशा ठिकाणी जाणाऱ्या माणसाला तीनदा जाऊन पारख करणं परवडेल का? त्याच्यासाठी कुणीतरी ते करून ठेवलंय, तर ते शेवटच्या क्रमांकावर टाकायला का सांगता?

प्रवाशाचं मोजमाप हा मुद्दाही पटला नाही. प्रवाशाला चांगलं लागतं ते रहिवाशाला लागत नाही का?

भटारखाना

अशा स्वयंपाकघरांत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आतल्या बाजूने लिहितो.

दोघेही दाराबाहेर उभे राहून बोलताय. ज्या शेफच्या नावावर तुम्ही टेबल घेता तो त्या रात्री बहुधा तिथे नसतो. त्यात फसवणूक नाही, ही पद्धतच अशी उभी राहिली आहे. प्रसिद्ध फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ २०१८ मध्ये वारले. त्यांच्या नावाची रेस्टॉरंटं त्यानंतरही चालू राहिली, कारण प्रत्येक ठिकाणी पद्धत आणि माणसं घडवलेली होती. ताट बाहेर जाण्याआधी ज्या काउंटरवर शेवटची नजर फिरते त्याला आम्ही पास म्हणतो. तुमची रात्र पासवर उभ्या असलेल्या माणसावर ठरते. तो सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा पहिला माणूस, तीन वर्षं तिथेच असेल तर डोळे मिटून जा. गेल्या महिन्यात निम्मा संच सोडून गेला असेल, तर दारावर कितीही तारे असोत, थांबा.

हे बाहेरच्याला कसं कळणार? थोडंफार कळतं. नोकरीच्या जाहिराती बघा. एकच ठिकाण वर्षभर सतत सगळ्या जागांसाठी माणसं शोधत असेल तर आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो. नवीन जागेला पहिले दोन-तीन महिने द्या. त्या काळात पदार्थ रोज बदलत असतात, वेळा चुकत असतात, आणि सगळ्यात गाजावाजा नेमका तेव्हाच असतो.

नि. शं., ताऱ्यांचा आतल्या माणसांवर काय भार पडतो तेही लक्षात घ्या. फ्रान्समधले तीन तारेवाले शेफ सेबास्तियाँ ब्रा यांनी २०१७ मध्ये स्वतःहून सांगितलं की आम्हाला मार्गदर्शिकेतून काढा. २०१८ च्या आवृत्तीत त्यांचं नाव नव्हतं. २०१९ मध्ये मार्गदर्शिकेने त्यांना परत घेतलं, दोन तारे देऊन. तारा जाईल या धास्तीने शिजवणारं स्वयंपाकघर अचूक असतं, मान्य. पण नवीन काही करायला ते घाबरतं, आणि ते ताटात उतरतं.

सावली

तिघांनीही सामान्य जेवणाऱ्याला बाहेर ठेवलं आहे. दोन कोर्समध्ये किती वेळ जातो, दारापर्यंत पायऱ्या आहेत का, कोपऱ्यातलं टेबल स्वच्छतागृहाच्या दाराशी आहे का, हे मला ना निरीक्षक सांगतो ना मेन्यू. हे सांगतात परवा तिथे जेवलेले लोक.

आणि ग्राहकांच्या रेटिंगला खरंच वजन आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकल लुका यांनी सिएटलमधल्या रेस्टॉरंटांची आकडेवारी घेऊन २०११ मध्ये दाखवलं की येल्प या ग्राहकांच्या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं. हा परिणाम साखळी रेस्टॉरंटांवर दिसला नाही, स्वतंत्र रेस्टॉरंटांवर दिसला. मोठ्या नावाचा आधार नसलेल्या चांगल्या स्वयंपाकघराला गिऱ्हाईक मिळवून देणारी हीच एक वाट आहे.

रुचिपालट

सावली, उत्पन्न वाढतं म्हणूनच खोटे रिव्ह्यू लिहिले जातात. याच लुकांनी जॉर्जिओस झर्वास यांच्याबरोबर बॉस्टनमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला, त्यात येल्पच्या स्वतःच्या गाळणीने सुमारे १६ टक्के रिव्ह्यू संशयास्पद ठरवले होते. २०१७ मध्ये लंडनच्या एका पत्रकाराने घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदवलं, मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले, आणि ती शेड लंडनमधल्या सुमारे १८ हजार ठिकाणांत पहिली आली. तोवर तिथे एकाही गिऱ्हाइकाला जेवण वाढलेलं नव्हतं!

सावली

ते प्रकरण ठाऊक आहे. त्यावरून सरासरी आकडा वाचू नये एवढंच सिद्ध होतं. मी आकडा वाचतच नाही. गेल्या तीन महिन्यांतले, मधल्या रेटिंगचे रिव्ह्यू वाचते. पाच तारे देणारा भारावलेला असतो, एक देणारा चिडलेला. तीन देणारा माणूस नेमकं लिहितो: काय आवडलं, काय थंड आलं, कुणी लक्ष दिलं नाही. चार अनोळखी लोक एकाच उणिवेबद्दल बोलले की ती खरी धरते. खोटं लिहिणाऱ्याकडे असला तपशील नसतो.

अनुराधा_क

वाद वाचतेय आणि एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही: जेवायला कोण येणार आहे?

माझे वडील श्रवणयंत्र वापरतात. त्यांच्यासाठी शहरातलं सर्वात नावाजलेलं ठिकाण म्हणजे शिक्षा आहे, कारण अशा कित्येक जागी उघडं स्वयंपाकघर, काच आणि काँक्रीट असतं आणि आवाज भिंतींवरून परत येतो. ऐकू चांगलं येणाऱ्यांनाही हे लागू आहे. २०११ मधल्या एका प्रयोगात गोंगाट वाढवल्यावर लोकांना गोड आणि खारट चव कमी जाणवली होती. म्हणजे गोंगाट पदार्थातही उतरतो, आणि तारा देताना तो मोजतच नाहीत.

टेस्टिंग मेन्यूचंही तसंच. दहा-बारा छोटे कोर्स, तीन तास एका जागी. ज्याला मनापासून चवींचा अभ्यास करायचाय त्याच्यासाठी ते अपूर्व आहे. पण ज्यांना एकमेकांशी बोलायचंय, त्यांचं बोलणं दर दहा मिनिटांनी पदार्थाची माहिती सांगायला आलेल्या माणसामुळे तुटतं. ज्याला ठरलेल्या वेळी औषध घ्यायचंय, लवकर झोपायचंय, त्याचे हाल होतात.

म्हणून मी फोन करते. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणांच्या मधल्या वेळात, त्यांना सवड असते तेव्हा. शांत टेबल कोणतं, अमुक जिन्नस चालत नाही तर काय देता, जेवण किती वेळात आटोपतं. उत्तर देणारा माणूस जरा थांबून विचार करतो की पाठ केलेलं वाक्य म्हणतो, यावरून मला त्या जागेबद्दल कुठल्याही यादीपेक्षा जास्त कळतं.

भटारखाना

अनुराधाताई, अगदी बरोबर. आदल्या दिवशी सांगितलेलं पथ्य आणि टेबलावर बसल्यावर सांगितलेलं पथ्य यात आमच्यासाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो. आधी कळलं तर वेगळा पदार्थ रचता येतो. ऐनवेळी कळलं तर काढून टाकणं एवढंच हातात उरतं.

दूरचा_प्रवासी

बुकिंगच्या अटी हाही निवडीचा भाग आहे. आता बऱ्याच ठिकाणी नाटकाच्या तिकिटासारखे पूर्ण पैसे आधी घेतात. लोक येत नाहीत आणि टेबलं रिकामी राहतात, त्यामुळे मागणी रास्त आहे. पण तारीख बदलू देतात का, टेबल दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, हे पैसे भरण्याआधी वाचा. तिसऱ्याच माणसाकडून चढ्या भावाने टेबल तर मुळीच घेऊ नका. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२४ मध्ये कायदा करून रेस्टॉरंटच्या संमतीशिवाय अशी बुकिंगं विकणाऱ्या संकेतस्थळांवर बंदी आणली, इतका तो धंदा बोकाळला होता.

पहिल्यांदा जात असाल तर दुपारी जा. स्वयंपाकघर तेच, मेन्यू आटोपशीर, टेबल लवकर मिळतं.

नि. शं.

फोन, आवाज, अटी, सगळं मान्य. पण ही चौकशी शहरातल्या शेकडो ठिकाणांची करणार का? आधी चाळणी हवीच. कुणाचा तरी अनुभवी हात फिरलेली दहा-वीस नावं समोर आली की मग खुशाल मेन्यू वाचा, फोन करा. माझा क्रम बदलत नाही: आधी तारे, मग बाकी.

रुचिपालट

चाळणी हवी, पण ती सगळीकडे असते का? कित्येक मोठ्या शहरांची मिशेलिन मार्गदर्शिकाच निघत नाही. थायलंड आणि कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी ती निघण्यासाठी पर्यटन संस्थांनी पैसे दिले आहेत. निरीक्षक त्यामुळे विकले जातात असं मी म्हणत नाही, पण कुठल्या शहरांत बघायचं हे ठरताना स्वयंपाकाच्या दर्जाखेरीज आणखीही गोष्टी चालतात. शिवाय नवे तारे सहसा वर्षातून एकदाच जाहीर होतात. आठ महिन्यांपूर्वी उघडलेलं, भटारखाना म्हणतात तसा चांगला संच जमलेलं स्वयंपाकघर तुमच्या चाळणीत बहुधा येणार नाही, आणि त्याला गिऱ्हाइकाची गरज आत्ता आहे.

माझी सुरुवातीची नावं मी वेगळ्या रीतीने जमवतो. जिथे नीट जेवलो तिथल्या माणसांनाच विचारतो की सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे जेवता. तीन ठिकाणी विचारलं की एखादं नाव दोनदा येतं. त्याचा मेन्यू उघडतो.

नि. शं.

हे विचारायला आधी एका चांगल्या ठिकाणी जावं लागेल. ते पहिलं ठिकाण नवख्याने कशावरून निवडायचं?