विषय: पुन: बेसमेंटसाठी आलेले अर्ज (तातडीचं, अटॅचमेंट उघडू नका)

प्रेषक: माई, नवागत मदत
मंडळी, काल रात्री नानांच्या भाड्याच्या बेसमेंटसाठी तिघांनी अर्ज पाठवले आणि 'रिप्लाय ऑल' झाल्यामुळे ते मंडळाच्या सगळ्या ई-मेल यादीवर गेले. पासपोर्टची पानं, सिन नंबर (नोकरी-करासाठीचा कॅनडा सरकारचा क्रमांक), एकीचं तर बँकेचं पूर्ण स्टेटमेंट. कृपया उघडू नका, कोणाला पुढे पाठवू नका. इनबॉक्समधून पुसा आणि ट्रॅशमधूनही. आप्पा, आर्काइव्हमधून आजच काढाल का? मुलं रात्रभर झोपलेली नाहीत.

प्रेषक: आप्पा
सकाळी सातला काढले. पण ज्यांच्या इनबॉक्समध्ये मेल पोचली तिथून मला काहीही काढता येत नाही, ते ज्याचं त्यानंच करायचं. अटॅचमेंट बंद ठेवा असं मी दोन वर्षं सांगतोय. गणपतीच्या पावत्यांसाठी त्या उघड्या ठेवायला लावल्या. आता बंद केल्या आहेत. यापुढे यादीचं सेटिंग कार्यकारिणीनं परस्पर ठरवू नये, आधी मला विचारावं.

प्रेषक: खजिनदार
आप्पा, वर्गणीच्या पावत्या मग कशा पाठवायच्या? हॉलचा दुसरा हप्ता पंधरा तारखेला आहे.

प्रेषक: नाना
कागद मीच मागितले होते. मागच्या भाडेकरूनं चार महिने भाडं थकवलं, घरमालक-भाडेकरू बोर्डाकडे सुनावणीची तारीख मिळेपर्यंत घराचा हप्ता मी खिशातून भरला. क्रेडिट चेकला (माणूस उधारी वेळेवर फेडतो का, ते बघायला) सिन लागतोच असं मला सांगण्यात आलं. काहीच न बघता घर कसं देऊ?

प्रेषक: वहिनी, स्कारबरो
नाना, बघा ना, जरूर बघा. पण सिन लागत नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि अर्जदाराची संमती, एवढ्यावर इक्विफॅक्स किंवा ट्रान्सयुनियन या क्रेडिट कंपन्यांचा अहवाल निघतो. घरमालकानं सिन विचारणं बेकायदा नाही, पण दिला नाही म्हणून अर्ज अडवू नये. आणि महिन्यापूर्वी पिअरसन विमानतळावर उतरलेल्या मुलीच्या अहवालात असणार तरी काय? कोरी पाटी. ओंटारिओत १९९८ पासूनचा नियम आहे: उत्पन्न, क्रेडिट, आधीचं भाडं, संदर्भ हे विचारता येतं. मात्र नवीन माणसाकडे इतिहासच नाही, तो त्याचा दोष धरायचा नाही.

माझ्या भाचीचं सांगते. जाहिरात बघून तिनं सिन, पासपोर्ट, स्टेटमेंट सगळं पाठवलं. तसं घरच नव्हतं. पाच महिन्यांनी तिच्या नावावर कोणीतरी घेतलेल्या फोनच्या बिलाची वसुली आली. परमिट वाढलं तरी तात्पुरत्या रहिवाशाचा ९ नं सुरू होणारा सिन बदलत नाही, पीआर (कायम वास्तव्य) मिळेपर्यंत तोच. दर महिन्याला पोरगी आपला अहवाल काढून बघते, अजून.

प्रेषक: तिघांपैकी एक
काका-काकू, माफ करा, यादी एवढी मोठी आहे हे माहीत नव्हतं. नाना काका, आता काय पाठवू? सिन मार्करनं खोडून चालेल?

प्रेषक: वहिनी, स्कारबरो
बाळा, मार्करवर विसंबू नकोस. मागून टॉर्च धरला की आकडे दिसतात, मी स्वतः बघितलंय. आकड्यांवर जाड कागदाची पट्टी चिकटव आणि मग फोटो काढ. जीआयसीच्या (खर्चासाठी बँकेत ठेवलेल्या ठेवीच्या) पत्रावरचा खातेक्रमांकही तसाच झाक, रक्कम दिसली की पुरे. पासपोर्ट पाठवूच नकोस, भेटीत दाखव. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिही: 'फक्त भाड्याच्या अर्जासाठी', घरमालकाचं नाव, तारीख. अक्षरं फोटोवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात नकोत.

प्रेषक: आप्पा
पीडीएफवर काळी पट्टी ओढूनही भागत नाही. खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. पट्टी ओढून छापा आणि पुन्हा स्कॅन करा.

प्रेषक: खजिनदार
पावत्यांवर पत्ते आणि चेकचे नंबर असतात. वरचं वाचून वाटतंय की त्याही यादीवर जायला नकोत. प्रत्येकाला वेगळी पाठवतो, दोन दिवस द्या.

प्रेषक: नाना
तिन्ही मेल पुसल्या, प्रिंट काढले होते ते कात्रीनं बारीक केले. सिन नको, स्टेटमेंट नको. कॉलेजचं पत्र, पैशांची सोय असल्याचं पत्र आणि आधी जिथे राहिलात त्यांचा फोन, एवढं आणा. शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ मिळतंच, तेवढा आधार मला पुरेल. शनिवारी दहाला या, पासपोर्ट समोर बघून हातात परत देईन. ज्यांना खोली देता येणार नाही त्यांचा कागद माझ्याकडे राहणार नाही.

प्रेषक: माई, नवागत मदत
नाना, आभार. मंडळी, पुसल्याचं आतापर्यंत एकवीस जणांनीच कळवलंय. बाकीच्यांनी कृपया आज कळवा, मला एकटीला, यादीवर नको. पुढच्या अर्जांचं पत्रक मी नव्यानं लिहितेय. त्यात सिनचा रकाना नसेल.