सुधारणेने इस्लामचा गाभा बदलतो का?

उंबरठा:
इस्लाममधल्या सुधारणेचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. 'मूळ धर्माला धक्का न लावता' आणि 'मूळच बदलल्याशिवाय काही खरं नाही'. हे 'मूळ' म्हणजे काय, ते मात्र कोणी सांगत नाही. माझ्या मते गाभा बदलत नाही. अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, पैगंबर, कयामत, तकदीर ही श्रद्धेची सहा कलमं; यांतलं एक तरी कुठल्या मोठ्या सुधारकाने गाळलं? सुधारक मुहम्मद अब्दुह १८९९ मध्ये इजिप्तचे मुफ्ती, म्हणजे धर्मनिर्णय देणारे अधिकारी, झाले. बहुपत्नीत्वाबद्दल त्यांनी कुराणातल्याच दोन आयती शेजारी ठेवल्या. ४:३ म्हणते, न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच करा. ४:१२९ म्हणते, कितीही मनात आणलंत तरी बायकांमध्ये सारखा न्याय तुम्हाला जमणार नाही. बेरीज ज्याची त्याने करावी. ट्युनिशियाने १९५६ मध्ये केली आणि बहुपत्नीत्वावर बंदी घातली. कलमा, म्हणजे श्रद्धेची कबुली, होता तोच राहिला.

खडूस_वाचक:
यादी तीच राहिली हो, पण यादीतल्या शब्दांचं काय? 'ग्रंथ' हेच घ्या. कुराण अनादि की अल्लाहने निर्माण केलेलं? खलिफा मामूनने ८३३ मध्ये काझी आणि हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) पंडितांना एकेक करून हा प्रश्न विचारायला लावला. अहमद इब्न हंबल 'निर्मित' म्हणेनात, म्हणून पुढच्या खलिफाच्या काळात त्यांनी चाबकाचे फटके खाल्ले. वीसेक वर्षांत दरबारानेच माघार घेतली आणि इब्न हंबल यांची बाजू सुन्नी अकीद्यात, म्हणजे श्रद्धेच्या सिद्धान्तांत, जाऊन बसली. म्हणजे गाभासुद्धा भांडूनच ठरला.

आणि सुधारणा नुसती वरच्या सालीपुरती असती, तर सुदानचे विचारवंत महमूद मुहम्मद ताहा यांना १९८५ मध्ये फाशी का झाली? कुराणातला मक्केतला संदेश मूळ, मदिनेतले कायदे त्या काळापुरते, एवढंच ते म्हणत होते. इजिप्तचे कुराणाचे अभ्यासक नस्र अबू झैद यांना तर १९९५ मध्ये कोर्टाने धर्मत्यागी ठरवून लग्नच मोडीत काढलं. नवऱ्याची तक्रार नाही, बायकोची नाही!

उंबरठा:
शिक्षा देणाऱ्याचा समज हा पुरावा कसा? ताहांनी सुदानचा राष्ट्राध्यक्ष नुमेरी याच्या १९८३ च्या शरिया कायद्यांविरुद्ध पत्रक काढलं होतं. खुर्चीला बोचलं की धर्म आठवतोच. (अबू झैद यांच्याबाबत मात्र माझ्याकडे उत्तर नाही, मान्य.)

निवांत:
तुम्ही दोघेही सुधारक म्हणजे उदारमतवादी असंच धरून चालला आहात. अरबस्तानातले मुहम्मद इब्न अब्दुल वहाब सुधारक नव्हते? १७४४ मध्ये त्यांनी तिथल्या सत्ताधारी इब्न सौदशी हातमिळवणी केली आणि वलींच्या (संतांच्या) कबरीपाशी मागणं मागण्याला शिर्क, म्हणजे अल्लाहला भागीदार जोडणं, ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या जी भक्ती होती, ती एका फटक्यात धर्माबाहेर! त्यांच्या अनुयायांनी मदिनेतल्या बकी कब्रस्तानातल्या कबरींवरचे घुमट १९२० च्या दशकात पाडून टाकले. तौहीद (अल्लाह एकच) शब्द तोच, त्यात मावणारी माणसं कमी झाली. माझ्या मते सामान्य माणसाची श्रद्धा अब्दुहपेक्षा यांनी जास्त बदलली. आणि तरी म्हणणार काय, तर 'आम्ही मूळ धर्माकडे परत चाललो'. या परंपरेत नवं काही आणणं म्हणजे बिदअत, ती शिवीच. त्यामुळे 'आम्ही बदल केला' असं कोणताच सुधारक म्हणणार नाही. सुधारकांच्या तोंडचं 'गाभा तोच' पुराव्यात धरूच नका.

उंबरठा:
हा मुद्दा बिनतोड आहे, चरफडत मान्य करते. तरी एक उदाहरण देते. इंडोनेशियाच्या नहदलतुल उलमा या मोठ्या मुस्लिम संघटनेने २०१९ मध्ये ठरवलं की बिगरमुस्लिम देशबांधवांना 'काफिर' म्हणायचं नाही, 'नागरिक' म्हणायचं. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला की हे नागरिकत्वापुरतं, अकीद्यातली संज्ञा आहे तशीच आहे. बघा, गाभ्याला हात न लावता माणसं सुधारतात.

खडूस_वाचक:
मग त्यांच्या मदरशात उद्या एखाद्या पोराने विचारलं, 'शेजारचे काका नागरिक की काफिर?', तर मौलवीसाहेब काय सांगणार? 'रस्त्यावर नागरिक, पुस्तकात काफिर' हे उत्तर ते पोरगं किती दिवस ऐकून घेईल?