स्टेशनचं नवं नाव सुचवायचंय, काय बघून ठरवावं?

पायरीवरचा:
नमस्कार मंडळी, जरा डोकं लावा. आमच्या मेट्रो लाइनवरच्या एका स्टेशनचं नाव बदलणार आहेत. सध्याचं नाव लाइनचा नकाशा आखताना कुणीतरी टाकलं ते तसंच राहिलं, आणि ते ज्या भागाचं नाव आहे तो भाग खरं तर पुढच्या स्टेशनला जवळ पडतो, त्यामुळे नवीन माणूस हमखास इथे उतरतो आणि मग रिक्षा शोधत फिरतो. आता लोकांकडून सूचना मागवल्यात आणि आमच्या सोसायट्यांच्या ग्रुपतर्फे अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.
ग्रुपमध्ये तीन पार्ट्या आहेत. एक म्हणते जुन्या गावठाणाचं नाव द्या, दुसरीला समोर होऊ घातलेल्या बिझनेस पार्कचं हवंय (फ्लॅटचे भाव वाढतील हे कुणी उघड बोलत नाही, पण कारण तेच), तिसरीला थोर व्यक्तीचं. काल एकाने तोडगा काढला की तिन्ही जोडून एकच नाव करा, कुणी नाराज नको. ते वाचून मी फोन बंद केला. मला कुणाची बाजू घ्यायची नाहीये, फक्त निकष हवेत. बाकी ठिकाणी हे कसं ठरवतात?

रूळांतर:
तुमच्यासारखीच केस पुणे मेट्रोत झालीये. नाशिक फाट्यावरच्या स्टेशनला भोसरी नाव दिलं होतं आणि भोसरी गाव तिथून चांगलंच लांब, लोकांनी ओरड केल्यावर नाव नाशिक फाटा झालं. म्हणजे अर्जात पहिला मुद्दा हाच घ्या, की नाव वाचून माणूस जिथे जायचंय तिथे पोचला पाहिजे, बाकी मान-सन्मान वगैरे त्यानंतर.
आणि सूचना मागवल्यात म्हणून फार हुरळून जाऊ नका हां. टोकियोत यामानोते लाइनवर नवीन स्टेशन होणार होतं, रेल्वे कंपनीने २०१८ मध्ये लोकांकडून नावं मागवली, ६४ हजारांवर एंट्र्या आल्या. त्यात 'ताकानावा' हे साधं नाव पहिलं आलं, ८,३९८ जणांनी सुचवलेलं. कंपनीने जाहीर काय केलं, तर 'ताकानावा गेटवे'. ते सुचवणारे होते ३६ जण आणि यादीत नंबर १३० वा! लोक भडकले, नाव बदला म्हणून सह्यांची मोहीम झाली, पण २०२० मध्ये स्टेशन त्याच नावाने उघडलं. बाजूलाच कंपनीचा स्वतःचा मोठा बांधकाम प्रकल्प होता हे वेगळं सांगायला नको. तर तुमच्याकडे सूचना मतं म्हणून मोजणार आहेत की नुसत्याच वाचणार आहेत, हे आधी लेखी विचारून घ्या.

इंडिकेटर_बघा:
तिन्ही जोडून नाव करणाऱ्याला आमच्या डब्यातल्या इंडिकेटरसमोर उभं करा 😄 लांब नाव त्यावर सरकत येतं, पहिला शब्द डावीकडून गायब होतो, शेवटचा अजून यायचाय आणि तोवर दार उघडलेलं असतं. गर्दीत मान वर करून बघणाऱ्याला अर्धंच नाव दिसतं, आणि दोन स्टेशनांची सुरुवात सारखी असेल तर संपलंच.
वॉशिंग्टनच्या मेट्रोत हाच घोळ झाला होता. प्रत्येकाला खूश करायच्या नादात नावाला शेपट्या जोडत गेले, मग नियम आणला की मुख्य नाव १९ अक्षरांच्या आत बसवायचं आणि बाकीचं हवंच असेल तर खाली बारीक अक्षरात उपनाव म्हणून लिहायचं. (रोमन अक्षरं मोजून १९, आपल्या जोडाक्षरांना वेगळा हिशेब लावावा लागेल.) तुमच्या भांडणावर हाच उतारा आहे, एक पार्टी वर, एक खाली.
अजून एक, त्याच लाइनवर कानाला सारखं लागणारं दुसरं नाव नाही ना ते बघा. कागदावर वेगळं दिसतं, पण 'पुढील स्टेशन' म्हटल्यावर स्पीकरच्या खरखरीत जे ऐकू येतं ते भलतंच. नाव ठरवायच्या आधी कुणालातरी पंख्याच्या आवाजात फोनवर सांगून बघा, समोरचा "काय? काय?" करायला लागला की रद्द.

साधा प्रवासी:
बिझनेस पार्कवाल्यांना लंडनचं आर्सेनल स्टेशन सांगा. ते १९०६ साली गिलेस्पी रोड नावाने सुरू झालं, १९३२ मध्ये शेजारच्या फुटबॉल क्लबने खटपट करून आपलं नाव लावून घेतलं. २००६ मध्ये क्लब नवीन स्टेडियममध्ये गेला, जुन्या मैदानावर फ्लॅट झाले. नशीब की नवं स्टेडियमही चालत जाण्याइतकं जवळ आहे म्हणून नाव निभावलं. तुमचं बिझनेस पार्क उद्या विकलं गेलं, मालकाने नाव बदललं, तर पुन्हा सगळ्या पाट्या खाली?
आणि फुकट का द्यायचं हाही प्रश्न आहेच. न्यूयॉर्कमध्ये अटलांटिक अव्हेन्यू स्टेशनच्या नावात बार्कलेज सेंटर (बँकेचं नाव लावलेलं शेजारचं स्टेडियम) जोडायला वर्षाला २ लाख डॉलर ठरले, २० वर्षांसाठी. आपल्याकडेही मेट्रो स्टेशनांच्या नावापुढे कंपन्यांची नावं लागतात, त्याचे पैसे प्रशासनाला मिळतात. बिल्डरला जाहिरात हवी तर त्याने रीतसर मोजावेत, सोसायटीच्या लेटरहेडवरून कशाला.

इंडिकेटर_बघा:
@साधा प्रवासी पैसे मोजले तरी मला ते पटत नाही. प्रवाशाला ब्रँडचं नाव आधी आणि ठिकाण नंतर ऐकावं लागतं, वैताग येतो.

जिना_नं_दोन:
थोर व्यक्तीच्या नावावर कुणी बोलायला तयार नाही म्हणून मी बोलते. विरोध नाहीच माझा, पण पूर्ण नाव उपाधीसकट दिलं की लोक आद्याक्षरं करतात. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये नावात 'महाराज' जोडून सीएसएमटी. ज्यांच्या मानासाठी हे केलं त्यांचं नाव रोजच्या बोलण्यात कितीदा येतं सांगा, आणि जुनी माणसं तर अजून व्हीटीच म्हणतात.

रूळांतर:
@जिना_नं_दोन अर्धं मान्य. दिल्लीचं राजीव चौक बघा, बाहेरच्या जागेला लोक कॅनॉट प्लेस किंवा सीपी म्हणतात पण मेट्रोत सगळे सरळ राजीव चौकच म्हणतात, कुणी आरसी करत नाही. दोन छोटे शब्द आहेत आणि स्टेशन सुरू झालं तेव्हापासून तेच नाव, म्हणून रुळलं. अडचण व्यक्तीच्या नावाची नाही, लांबीची आणि उशिराची आहे. ह्यांच्या स्टेशनला आधीच एक नाव चिकटलंय.

जिना_नं_दोन:
हो, हे बरोबर. मग नवं नाव असं हवं जे आजूबाजूचे लोक आधीपासून बोलतात. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं ते त्यातल्या त्यात सोपं गेलं, कारण भागाचं नाव सगळ्यांच्या तोंडात होतंच. तरी पाट्या, नकाशे, अनाउन्समेंट, तिकिटाची सिस्टीम, स्टेशनचा कोड, सगळीकडे बदल करत बसावं लागतं. आणि रेल्वेचं स्टेशन असेल तर राज्याचा प्रस्ताव आधी केंद्राच्या गृहखात्याकडे जातो, तिथून ना हरकत आल्यावर पुढचं. मुंबईतल्या करी रोडचं लालबाग, चर्नी रोडचं गिरगाव वगैरे सात स्टेशनांच्या प्रस्तावाला राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली होती, ती मंजुरी म्हणजे शेवटची पायरी नव्हे. मेट्रोचं थोडं सुटसुटीत असतं, पण अर्ज नेमका कुणाकडे जातो ते विचाराच.

पायरीवरचा:
धन्यवाद सगळ्यांना, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी अर्जात गावठाणाचं नाव मुख्य आणि थोर व्यक्तीचं खाली उपनाव असं मांडतोय. बिझनेस पार्कवाल्यांना बाहेर पडायच्या गेटची पाटी देऊ, 'गेट नं. अमुक, बिझनेस पार्ककडे', बिल्डिंगचं नाव बदललं तर तेवढीच पाटी बदलायची. आणि जुनं नाव निदान वर्षभर कंसात ठेवा अशीही मागणी टाकतो.
एकच शंका, आमच्या स्टेशनपासून पुलाने दुसऱ्या लाइनचं स्टेशन जोडणार आहेत, त्याचं नाव वेगळंच आहे. ते पण उकरून काढू का?

रूळांतर:
काढाच! गाडी बदलायची जागा एक आणि नावं दोन असली की नवीन माणूस नकाशासमोर उभाच राहतो. परळ आणि प्रभादेवी पुलाने जोडलेली आहेत हे ज्याला माहीत त्यालाच माहीत, दादरला मात्र दोन्ही लाइनींना एकच नाव, कुणाला विचारावं लागत नाही. फक्त त्या लाइनचं प्रशासन वेगळं असेल तर अर्जाच्या दोन प्रती काढा आणि दोन्हीकडे पोच घ्या, नाहीतर एक म्हणेल दुसऱ्याला विचारा.